टीसीएल आणि पीएसीची वर्षभराची खरेदी : दर महिन्याला दरपत्रकं मागवली म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप. आता निविदा कशी लावायची?

भांडार_टेबल (कोल्हापूर जिल्हा)

नमस्कार मंडळी. आमची क वर्ग नगरपरिषद आहे. नदीतून उपसा, स्वतःचं जलशुद्धीकरण केंद्र, रोज साधारण ६० लाख लिटर पाणी. टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर) आणि पीएसी (गढूळपणा खाली बसवणारं पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड) या दोन्हींची खरेदी आजवर लागेल तशी झाली आहे. पाणीपुरवठ्याकडून मागणी आली की तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, कमी दराला आदेश. महिन्याचं एकही बिल ३ लाखांवर गेलेलं नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेत यावर आक्षेप निघाला : 'खरेदीचे तुकडे पाडून ई-निविदा टाळली'.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

दर वेळी तीन दरपत्रकं खरोखर घेतलेली असताना हे तुकडे पाडणं कसं ठरतं? एकदम वर्षाची निविदा लावली तर एवढा माल ठेवायचा कुठे? गोदाम लहान आहे आणि टीसीएल पडून राहिली की तिची ताकद जाते. आणि निविदेला एक-दोघेच आले तर पावसाळा तोंडावर असताना काय करायचं?

लेखा_विभाग_निवृत्त

आक्षेप बरोबर आहे. दरपत्रकं खरी होती का खोटी, हा त्यात मुद्दाच नाही. वस्तू तीच, वापर तोच आणि गरज वर्षभराची. हे सगळं १ एप्रिललाच माहीत असतं. मग खरेदीची पद्धत वर्षाच्या एकूण रकमेवर ठरते, महिन्याच्या बिलावर नाही. उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेचा रोख हाच आहे आणि केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला नियम १५७ही हेच सांगतो : वरच्या मंजुरीची गरज टाळण्यासाठी मागणीचे लहान भाग करू नयेत. २०१६ च्या पुस्तिकेत ई-निविदेची मर्यादा ३ लाख होती. असे आकडे शासन निर्णयांनी बदलत असतात, म्हणून दर वर्षी चालू निर्णयाची प्रत फाइलीत पहिल्या पानांतच लावा. लेखापरीक्षक आधी तीच शोधतो.

आता फाइल कशी चालवायची ते. सुरुवात भांडारातून करू नका. पाणीपुरवठा अभियंत्याकडून वर्षाची मागणी घ्या आणि ती हिशेबासह घ्या : रोजचं पाणी, मात्रा, दिवस. 'गेल्या वर्षीप्रमाणे' एवढाच शेरा असेल तर मागणी परत पाठवा. मग लेखापालांचा तरतूद उपलब्ध असल्याचा दाखला लेखाशीर्षासह घ्या. अंदाजित दर कुठून आला याची टिपणी लावा : मागचा खरेदी दर, शेजारच्या दोन-तीन नगरपरिषदांचे चालू आदेश, जेमवरचा (केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवरचा) दर. राज्याने २४ ऑगस्ट २०१७ च्या शासन निर्णयाने जेम स्वीकारलं आहे, त्यामुळे तिथे वस्तू कोणत्या तपशिलात मिळते हे पाहिल्याची छापील प्रत फाइलीत हवीच. त्यानंतर मुख्याधिकाऱ्यांची टिप्पणी आणि सभेचा, किंवा प्रशासक असतील तर त्यांचा, ठराव. ठरावात वस्तू, परिमाण, अंदाजित रक्कम आणि कालावधी या चारही गोष्टी आल्या पाहिजेत. 'आवश्यक रसायने खरेदी करणेस मान्यता' असा मोघम ठराव पुढे आक्षेपात टिकत नाही.

गोदामाच्या अडचणीवर उत्तर म्हणजे दरकरार. वर्षाचा दर निविदेने एकदाच ठरतो आणि माल मागणीपत्राप्रमाणे हप्त्याहप्त्याने येतो. स्पर्धा वर्षाच्या परिमाणावर होते, तुमच्याकडे साठा मात्र महिन्याचाच राहतो. परिमाण 'अंदाजित' लिहा आणि ते २५ टक्के कमी-जास्त होऊ शकेल अशी अट निविदेतच ठेवा. नंतर आदेशात घुसडलेली अट चालत नाही.

एक गोष्ट सुटते ती इथेच सांगतो. जीएसटीची २ टक्के उद्गम कपात (टीडीएस, म्हणजे पुरवठादाराच्या बिलातून आपण कापून भरायचा कर) कराराच्या एकूण मूल्यावरून ठरते. जीएसटी वगळून करार अडीच लाखांच्या वर असेल, तर महिन्याचं बिल ८० हजारांचं असलं तरी कपात करायचीच. दरपत्रकांवर सुटी खरेदी करायची सवय असलेल्या टेबलावर ही कपात हमखास राहते. ती भरायची आणि तिचं विवरणपत्र जीएसटीआर-७ दाखल करायची तारीख पुढच्या महिन्याची १०.

जलशुद्धीकरण_अभियंता

परिमाणाचा हिशेब मांडून देतो, तुमचे आकडे घालून घ्या. एक लिटरला एक मिलिग्रॅम मात्रा म्हणजे दहा लाख लिटरला एक किलो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं तोंडी होतं.

पीएसी पावडर : आठ महिने मात्रा १२ मिलिग्रॅम धरली तर ६० लाख लिटरला रोज ७२ किलो. जून ते सप्टेंबर पाणी लाल येतं, तेव्हा सरासरी ३५ धरा, म्हणजे रोज २१० किलो. २४३ दिवस गुणिले ७२ अधिक १२२ दिवस गुणिले २१०, एकूण ४३,११६ किलो. म्हणजे ४३ टन.

टीसीएल : क्लोरीन एरवी २ मिलिग्रॅम, पावसाळ्यात ३. म्हणजे रोज १२ आणि १८ किलो शुद्ध क्लोरीन. पावडरीत ३२ टक्के धरले तर ३७.५ आणि ५६.२५ किलो पावडर. वर्षाला १६ टन.

मात्रेचे आकडे अंदाजाने घालू नका. केंद्रावर जार टेस्टची (कोणत्या मात्रेला पाणी निवळतं ते पाहायच्या चाचणीची) वही असते, तिच्यातली मागच्या दोन वर्षांची महिनावार सरासरी काढा आणि त्या पानांच्या प्रती मागणीला जोडा. नुसत्या उदाहरणादाखल पीएसी ३६ आणि टीसीएल ३५ रुपये किलो धरली तरी दोन्ही मिळून २१ लाखांच्या घरात जातं. दरपत्रकाचा प्रश्न इथेच संपतो.

आता तपशील, कारण निविदा खरी तिथे जिंकली किंवा हरली जाते. टीसीएलसाठी भारतीय मानक आयएस १०६५ भाग १, पीएसीसाठी आयएस १५५७३. 'चांगल्या प्रतीची', 'नामांकित कंपनीची' हे शब्द काढून टाका, त्यांचं मोजमाप होत नाही. टीसीएलसाठी लिहा : केंद्रावर पोच होताना उपलब्ध क्लोरीन किमान ३२ टक्के, उत्पादनाला ३० दिवसांपेक्षा जास्त झालेले नकोत, आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली २५ किलोची पिशवी, तिच्यावर बॅच क्रमांक आणि तारीख छापलेली. 'पोच होताना' हे दोन शब्द फार महत्त्वाचे. कारखान्याच्या दाखल्यावर ३४ असतं आणि दमट हवेत महिना-दोन महिने पडलेली पिशवी २६-२७ वर आलेली असते.

पीएसीत याहून मोठी चूक होते. 'पीएसी, दर प्रति किलो' एवढंच लिहिलं की एक जण पावडरीचा दर भरतो, दुसरा द्रवाचा, आणि द्रववाला कमी दिसतो. पण काम करतो तो त्यातला अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा अंश). समजा ३० टक्के अॅल्युमिना असलेली पावडर ३६ रुपये किलो आणि १० टक्क्यांचा द्रव १५ रुपये किलो. अॅल्युमिनाच्या किलोमागे पावडर १२० रुपयांना पडते आणि द्रव १५० रुपयांना. वर द्रवाच्या टँकरने तुम्ही पाण्याचंही भाडं भरता. म्हणून रूप एकच ठरवा, अॅल्युमिनाचं किमान प्रमाण लिहा, किंवा दोन्ही रूपं चालणार असतील तर तुलना अॅल्युमिनाच्या किलोवर होईल असं निविदेतच जाहीर करा. लिफाफे उघडल्यावर हे गणित काढाल तर दुसरा पुरवठादार हरकत घेणारच, आणि ती रास्तही असेल.

ट्रक दारात आल्यावरची कृती करारात लिहून ठेवा. काट्याची पावती भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची. वेगवेगळ्या थरांतल्या १० पिशव्या उघडून मधून थोडा थोडा माल घ्यायचा, वरचा पापुद्रा नाही. तो एकत्र करून तीन गडद रंगाच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या भरायच्या आणि चालकाच्या किंवा प्रतिनिधीच्या सहीनिशी मोहोर करायची. एक बाटली जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेला, एक पुरवठादाराला, एक आपल्याकडे राखीव. नमुना त्याच दिवशी निघाला पाहिजे. कपाटात आठवडाभर राहिलेल्या बाटलीचा अहवाल पुरवठादार मानत नाही. निकालाप्रमाणे किती पैसे द्यायचे ते आधीच ठरवा : टीसीएलमध्ये क्लोरीन ३२ टक्के किंवा वर असेल तर पूर्ण रक्कम, ३० ते ३२ मध्ये त्या प्रमाणात, म्हणजे ३१ आले तर ३१ भागिले ३२, ३० च्या खाली माल परत, भाडं त्याचं.

साठवणीचं एकच सांगतो, पण ते जिवाशी आहे. पीएसी आम्लधर्मी आहे. ती आणि टीसीएल एका खोलीत ठेवू नका. गळून एकत्र आल्या तर क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून, आणि टीसीएलच्या खोलीत तेल, ग्रीस, डिझेल काही नको.

निविदा_कक्ष

वरच्या दोघांनी गाभा सांगितला आहे. मी महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, काय बिघडतं ते लिहितो.

दोन वस्तू एकाच निविदेत घ्या, पण वस्तुनिहाय कमी दर ग्राह्य धरला जाईल असं ठळक लिहा. टीसीएल बनवणारा सहसा पीएसी बनवत नाही. एकूण बेरजेवर निकाल ठेवलात तर उत्पादक बाजूला राहतात आणि दोन्ही विकत घेऊन देणारा मधला व्यापारीच उरतो.

दरतक्त्यात एकक किलो का मेट्रिक टन, ते एकदा ठरवा आणि निविदेच्या सगळ्या पानांवर तेच ठेवा. तपशिलात किलो आणि तक्त्यात टन असलं की कुणीतरी ३६,००० ऐवजी ३६ भरतो. मग ४३ टनांची पीएसी १,५४८ रुपयांना मिळाल्याचं दिसतं आणि तोच पहिल्या क्रमांकावर येतो. तो आकडा तुम्हाला दुरुस्त करता येत नाही आणि त्याला पुरवठा परवडत नाही. बयाणा जप्तीचा वाद होतो, फेरनिविदा निघते, महिना जातो. दर जीएसटीसह का वगळून, आणि केंद्रापर्यंत पोच व उतरवणी धरून का, हेही तक्त्याच्या शीर्षकातच लिहा. निविदाकारांसाठी सूचना टाका की दरतक्त्याच्या एक्सेल फाइलचं नाव बदलू नये. नाव बदललेली फाइल प्रणाली घेत नाही आणि हे त्यांना शेवटच्या तासात कळतं.

लिफाफे उघडणारे अधिकारी चार नेमा, चारपैकी कोणतेही दोन उघडू शकतील असे. दोनच नेमले आणि एकाची बदली झाली, की त्याच्या टोकनासाठी (डिजिटल सहीच्या यूएसबीसाठी) धावाधाव सुरू. दर भरताना मजकूर त्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल प्रमाणपत्राने कुलूपबंद होतो. म्हणून निविदा प्रसिद्ध करण्याआधी चौघांच्या प्रमाणपत्रांची मुदत तपासा; ती उघडण्याच्या तारखेच्या पुढे किमान दोन महिने असावी. मधल्या काळात कुणी नवं टोकन घेतलं तरी जुनं टाकून द्यायचं नाही, कुलूप त्या जुन्याचं आहे.

पात्रतेच्या अटी मोजक्या ठेवा. जीएसटी नोंदणी, पॅन, भारतीय मानक ब्युरोचा परवाना आणि तो उत्पादकाचा नसेल तर उत्पादकाचं अधिकारपत्र, गेल्या तीन वर्षांतले पाणीपुरवठ्याला माल दिल्याचे आदेश. परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपवर टाकून बघा, चालू आहे की स्थगित ते तिथेच दिसतं. 'नगरपरिषद हद्दीत कार्यालय हवे', 'या नगरपरिषदेस पूर्वी पुरवठा केलेला असावा' अशा अटी घालू नका. एक-दोघेच येतात अशी तक्रार बहुतेक वेळा याच अटींनी ओढवून घेतलेली असते. शंका विचारायला तारीख द्या आणि उत्तरं पोर्टलवर सगळ्यांना दिसतील अशी टाका. फोनवर एकालाच दिलेलं उत्तर नंतर तक्रारीत येतं.

आता तिसरा प्रश्न. पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी आले तर लिफाफे न उघडता मुदतवाढ, तरी नाहीत तर फेरनिविदा. फेरनिविदेतही एकच आला म्हणून ती आपोआप बाद होत नाही. पण मग दर वाजवी असल्याची लेखी छाननी आणि सक्षम प्राधिकाऱ्याची कारणांसह मान्यता लागते. शेजारचे चालू दर फाइलीत आधीच लावून ठेवायचे ते यासाठी. दर कमी करण्याची बोलणी करायची तर पहिल्या क्रमांकाशीच, लेखी. दुसऱ्या-तिसऱ्याला बोलावून 'तुम्ही एवढ्याला देता का' असं विचारायचं नाही.

उलटा हिशेब करा. मागणी आणि तरतूद दहा दिवस, ठराव पंधरा, प्रसिद्धी तीन आठवडे, छाननी व दर उघडणे दहा, करार आणि सुरक्षा ठेव दहा, पहिली गाडी पंधरा. सरळ गेलं तर ८० दिवस, एक मुदतवाढ आणि फेरनिविदा धरून ११५-१२०. १ एप्रिलला दर हातात हवा असेल तर नोव्हेंबर संपता संपता मागणीवर सही झाली पाहिजे. निवडणूक वर्ष असेल तर आचारसंहितेचा काळ यात वेगळा मिळवा.

गोकुळ_शिरगाव_पुरवठा

पुरवठादार निविदा का भरत नाहीत ते आमच्या बाजूने सांगतो. बयाणा आणि सुरक्षा ठेव ही अडचण नाही, पैसे कधी मिळणार हे न कळणं ही अडचण आहे. निविदेत 'निधी उपलब्धतेनुसार देयक अदा' असं वाक्य असलं की आम्ही दरात चार-सहा महिन्यांचं व्याज धरूनच भरतो, किंवा भरतच नाही. त्याऐवजी 'प्रयोगशाळेचा अहवाल आल्यापासून ३० दिवसांत' असं लिहा आणि पाळा. दर खाली येतील. सूक्ष्म-लघु उत्पादकाला कायद्यानेच ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. ते व्याज लागलं तर त्याचाही आक्षेप तुमच्याच टेबलावर येणार.

लघुउद्योगांना असलेल्या बयाणा सवलतीबद्दल : उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचं) बघताना त्यावर उत्पादन लिहिलंय का व्यापार, ते वाचा. नुसत्या व्यापाऱ्याला ही सवलत नाही. बरेच जण प्रमाणपत्र जोडतात आणि तपासणारा फक्त जोडलंय का एवढंच बघतो.

मागणीपत्राला किमान दहा दिवस द्या आणि पूर्ण गाडीची मागणी करा, ९ किंवा १६ टन. दीड टन मागवला की भाडं किलोवर बसतं आणि पुढच्या वर्षी तोच दर आम्ही भरतो. टीसीएल एवढी एकदम नको असेल तर एकाच गाडीत शेजारच्या नगरपरिषदेचा माल घालता येतो, फक्त दोघांच्या तारखा जुळवा. आणि दंड लावायचा तर प्रमाण ठरलेलं असू द्या. आठवड्याला अर्धा टक्का, कमाल दहा टक्के, हे आम्हाला मान्य असतं. 'मुख्याधिकारी ठरवतील तो दंड' या अटीला घाबरून चांगला पुरवठादार मागे फिरतो.

भांडार_टेबल (कोल्हापूर जिल्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. मागणीचा तक्ता सरांनी दिलेल्या पद्धतीने करायला घेतो. एकच राहिलं. २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला तर पीएसीची मागणी एकदम वाढते आणि गाड्याही येत नाहीत. तेव्हा निविदेशिवाय घेता येतं ना?

लेखा_विभाग_निवृत्त

येतं, पण वाट नीट धरा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ चं कलम ५० निविदेची नेहमीची पद्धत बाजूला ठेवायची मुभा देतं. मात्र ती मुभा नगरपरिषद स्वतःला देऊ शकत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने, तुम्हाला तसं प्राधिकृत करावं लागतं. पत्र आधी, आदेश नंतर. अगदीच वेळ नसेल तर निदान ईमेलवर मागणी आणि होकार. नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ५८(२) खाली नगराध्यक्षांचे तातडीचे अधिकार वेगळे आहेत. ते वापरले तर कारणं लेखी हवीत आणि विषय पुढच्या सभेपुढे गेलाच पाहिजे.

पण जुलैत नदीचं पाणी गढूळ होणं ही आणीबाणी नव्हे, ते दर वर्षी होतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं आणि ४३ च्या धोका पातळीकडे निघालं, शेतं-रस्ते पाण्याखाली जाऊ लागले, अशी नोंद तारीखवार फाइलीत असेल तर तातडी सिद्ध होते. नुसतं 'पावसाळा असल्याने' लिहून केलेली खरेदी आक्षेपात जाणार.

जलशुद्धीकरण_अभियंता

आणि त्या परवानगीची गरजच पडू नये अशी तजवीज निविदेत करा. दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. कलम ५० ने खरेदी मंजूर होईल, गाडी कुठून येणार? दरकरारात अट घाला की जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पावसाळी वापराच्या २० दिवसांचा साठा केंद्रावर पोचवायचा : पीएसी ४,२०० किलो आणि टीसीएल १,१२५ किलो, म्हणजे ४५ पिशव्या. सप्टेंबरपर्यंत हा साठा याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. नवी गाडी आली की जुना माल आधी वापरायचा आणि नवा मागे लावायचा. ठेवायची जागा २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर असावी. नदीकाठच्या जॅकवेलजवळची (पाणी उपसायच्या विहिरीजवळची) खोली सोयीची वाटते, पण पूर आला की पहिली तीच पाण्यात जाते.